ओल्या लाकडाचं वाळवण

मागच्या खेपेला आपण गटाच्या कर्जाचे हप्ते आणि व्याजाचा हिशेब यावर बोललो. त्यानंतर रेडिओ केंद्रावर जे फोन आले, त्यातले तीन एकाच गोष्टीबद्दल होते. लेथवर लाकडी वाडगे, वाट्या, फळांची तबकं करणाऱ्या गटांतल्या बायकांचे. तिघींनी विचारलं ते एकच: वाडगा लेथवरून उतरवला तेव्हा गुळगुळीत, चकचकीत होता. आठ दिवसांत त्याला चीर पडली. लाकूड खराब होतं का? की आमचा हात चुकला? हप्त्याचा विषय सोडून मी लाकडावर का बोलते आहे असं वाटेल, पण तडकलेला वाडगा म्हणजे न फिटलेला हप्ताच असतो, बरं का. म्हणून आजचा सगळा वेळ याच प्रश्नासाठी.

उत्तर आधी सांगते. लाकूड बहुतेक वेळा चांगलंच असतं, आणि हातही चुकलेला नसतो. बिघडतं ते वाळवण. आणि वाळवण म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कुरडया, सांडगे, आमसुलं, फणसाचे पापड करण्यात आपले निम्मे उन्हाळे गेलेत.

पापडाचंच बघा. ओला पापड कडक उन्हात टाकला की थोड्या वेळाने त्याच्या कडा उचलतात, पापड वर वळतो. का वळतो? वरची बाजू आधी सुकते आणि आवळते. खालची बाजू अजून ओली असते, ती आवळायला तयार नसते. या ओढाताणीत पापड वाकतो आणि मोकळा होतो. आता पापडाच्या जागी इंचभर जाडीचं आंब्याचं लाकूड धरा. बाहेरचा थर सुकून आवळतोय, आतला थर ओला, फुगलेला, हटायला तयार नाही. लाकडाला पापडासारखं वाकता येत नाही. मग ते फाटतं. चीर म्हणजे एवढंच. बाहेरचं आणि आतलं एका चालीने वाळलं नाही.

म्हणजे ओल्या लाकडाचं वाळवण हे पापडाच्या उलटं आहे. पापडाला आपण ऊन शोधतो, लाकडाला सावली शोधायची. पापड एका दिवसात वाळला तर आपण खूश, वाडगा एका दिवसात वाळला तर समजा गेला.

थोडं खोलात जाते, कारण कारण समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. एक पाणी त्या नळ्यांच्या पोकळीत असतं, दुसरं नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं असतं. धुतलेलं लुगडं पिळलं की धो धो पाणी निघतं, तरी लुगडं दमट राहतंच ना? तसं. पोकळीतलं पाणी गेलं तरी लाकूड आक्रसत नाही, नुसतं हलकं होतं. भिंतींतलं पाणी जायला लागलं की आक्रसायला सुरुवात होते. ही वेस साधारण तीस टक्क्यांना असते. म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तीस टक्के पाणी शिल्लक उरलं, की तिथून पुढे लाकूड आवळू लागतं. पण सगळा वाडगा एकदम त्या वेशीवर पोचत नाही. बाहेरचा पातळ थर पहिल्याच दिवशी पोचतो आणि आतलं लाकूड कितीतरी आठवडे मागे राहतं. म्हणून कातल्यानंतरचा पहिला आठवडा सगळ्यात धोक्याचा.

दुसरी गोष्ट, लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं आक्रसत नाही. ओंडक्याचं तोंड बघा, कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसतात. त्या वर्तुळांच्या कडेने लाकूड जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. म्हणून अख्खा ओंडका सालीसकट पडून राहिला की गाभ्यापासून सालीपर्यंत कलिंगड फोडल्यासारखी चीर जाते. त्याला दुसरा मार्गच नसतो. म्हणूनच ओल्या लाकडाचा गोल कातलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो. तो बिघडला असं समजू नका. वाकणं हा लाकडाचा सुटकेचा मार्ग आहे. वाकू दिलं तर ते फाटत नाही.

तिसरी गोष्ट, पाणी जातं कुठून? नळ्यांच्या तोंडातून. लाकडाच्या आडव्या कापातून, म्हणजे जिथे नळ्यांची तोंडं उघडी पडतात तिथून, पाणी बाजूच्या अंगापेक्षा दहापट आणि त्याहूनही जास्त वेगाने उडतं. वाडग्यावर अशा दोन जागा असतात, समोरासमोर. हात फिरवून बघा, वाडग्याच्या दोन बाजू जरा खरखरीत लागतात, रंगाने गडद दिसतात. तीच ती तोंडं. बहुतेक चिरा तिथूनच सुरू होतात.

आता ओंडक्यापासून सुरुवात करू.

झाड कुठलं? आपल्या कोकणात आंबा आणि फणस हाताशी असतात. वादळात पडलेलं, म्हातारं झालेलं, कलमांच्या बागेत काढून टाकलेलं. पण लक्षात ठेवा, १९६४ च्या झाडं तोडण्याच्या कायद्यात आंबा आणि फणस दोन्हींची नावं आहेत. झाड आपल्या परड्यातलं असलं तरी तोडायच्या आणि लाकूड गाडीत भरायच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. नंतर धावपळ करण्यापेक्षा हे बरं. शिवण मिळाली तर सोडू नका, ती कमी आक्रसते, शहाण्यासारखी वाळते. सागही गुणी, पण तो आपल्या गटांना परवडत नाही. सुरू आणि नीलगिरी या दोघींपासून मी गटांना लांबच ठेवते, फार फुटतात. घाटावरच्या मैत्रिणींकडे बाभूळ असते. ती जड आणि दाट, तिला वेळ दुप्पट धरा.

ओंडका आला की त्याच दिवशी दोन्ही तोंडं बंद करायची. उद्या नाही, आजच. शहरात यासाठी मेणाचं तयार द्रावण मिळतं. आपल्याकडे मेणबत्तीचं मेण वितळवून ब्रशने लावलं तरी चालतं, जुना ऑइल पेंट उरला असेल तर त्याचे दोन जाड हात दिले तरी चालतात. (मेण थेट आचेवर वितळवू नका. गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवा, मेण पेट घेतं.) आपले जुने लोक ओंडक्याच्या तोंडाला शेण लिंपून ठेवायचे, ते याचसाठी. कोणी हसलं तर हसू दे, त्यामागे हेच शास्त्र आहे. ओंडका तळ्यात नाहीतर ओढ्यात बुडवून ठेवायची पद्धतही त्यातलीच. पाण्याखाली लाकूड वाळतच नाही, मग फुटणार कसं? शिवाय भुंगेऱ्याला आत शिरता येत नाही.

ओंडका लांब असेल तेवढा लांबच ठेवा. तुकडे करून ठेवलेत तर प्रत्येक तुकड्याला दोन नवी तोंडं, दोन नव्या चिरा. लागेल तेव्हाच कापा, आणि कापताना टोकाचा तीन-चार इंचाचा भाग सोडून द्या. तो वाया गेला असं वाटतं. तो चुलीत घाला, पण वाडग्यात घेऊ नका.

मग ओंडका उभा चिरायचा, बरोबर गाभ्यातून, दोन फाळी करायच्या. आणि आता जे सांगते ते पाटीवर लिहून लेथजवळ टांगा: गाभा वाडग्यात राहता कामा नये. ओंडक्याच्या मध्यावर पेन्सिलीएवढी जी गाभ्याची नळी असते, तिच्या दोन्ही बाजूंनी बोटभर, जमलं तर दोन बोटं लाकूड काढून टाका. गाभा राहिला तर नंतर तुम्ही मेण लावा, कागद गुंडाळा, नवस बोला, तो फुटायचा तो फुटतोच.

आंब्याच्या बाबतीत अजून एक. आंबा ओला आणि सालीसकट पडून राहिला की निळे-काळे डाग पडतात, आपल्या दमट हवेत तर फारच लवकर. म्हणून आंब्याचा ओंडका साठवत बसू नका. आठ-पंधरा दिवसांत कच्चे वाडगे कातून टाका.

कच्चे वाडगे म्हणजे काय, ते आता सांगते. यातच सगळं मर्म आहे.

सावंतवाडी तालुक्यातला एक गट. गावातला जुना आंबा पावसाळ्यात पडला, गटाने लाकूड विकत घेतलं. लेथ बँकेच्या कर्जातून घेतलेला. प्रशिक्षण चांगलं झालेलं, हात तयार. पुण्याच्या एका दुकानाकडून दिवाळीसाठी चाळीस वाडग्यांची मागणी आली. बायकांनी ओल्या लाकडाचे वाडगे कातले, एकदम शेवटच्या आकारात. भिंत अर्ध्या इंचाची, बूड मात्र दीड इंच, कारण जड बूड असलं की वाडगा टेबलावर बसतो छान. पॉलिश केलं आणि फळीवर मांडले. आठवडाभरात सतरा वाडगे गेले. मी गेले तेव्हा गटाच्या अध्यक्षा काकी एक वाडगा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, आमी उन्हात ठेवलांच नाय, मगे फुटलां कसां?"

मी सगळे सतरा वाडगे ओळीने मांडून बघितले. जवळजवळ प्रत्येकाची चीर एकाच जागी होती, भिंत आणि बूड जिथे मिळतं तिथे, आणि तीही त्या खरखरीत बाजूला. पातळ भिंत लवकर वाळली, आवळली. जाड बूड ओलं राहिलं, हटलं नाही. वाडगे सावलीत होते, पण फळी खिडकीसमोर होती आणि वर पंखा चालू. ऊन नव्हतं, वारा होता. लाकडाला दोन्ही सारखेच.

काकींना मी तेव्हा जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. ओलं लाकूड कातायला हरकत नाही. उलट चांगलं. ओलं लाकूड लोण्यासारखं कातलं जातं, पटाशीची धार टिकते, धूळ उडत नाही म्हणून छातीला त्रास नाही. (लेथवर पाणी मात्र उडतं. काम संपलं की बेड पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर सकाळी गंज.) फक्त ओल्या लाकडातून एकदम शेवटचा वाडगा काढायचा नाही. दोनदा कातायचं. पहिल्यांदा जाड, मग वाळवण, मग दुसऱ्यांदा शेवटच्या मापाचा.

पहिल्यांदा किती जाड? रुंदीचा दहावा भाग. वाडगा दहा इंची असेल तर भिंत एक इंच, सुताराच्या भाषेत आठ सूत. सहा इंची असेल तर पाच सूत. आणि ही जाडी काठापासून बुडापर्यंत एकसारखी हवी. जाडी कमी ठेवली तर वाडगा वाळून लंबगोल झाल्यावर परत गोल कातायला लाकूड पुरत नाही. दहा इंची वाडगा वाळताना एका बाजूने दोन-तीन सूत सहज आत येतो. जाडी फार ठेवली तर आतलं-बाहेरचं भांडण वाढतं. दहावा भाग हा बरोबर मध्यावरचा सौदा आहे.

लेथवरून उतरवला की लगेच, चहा नंतर, आधी त्या दोन खरखरीत बाजूंना आतून आणि बाहेरून मेण. काठालाही. बाकीचं अंग मोकळं ठेवा, पाण्याला हळूहळू जायला वाट हवी. सगळीकडेच मेण फासलं तर वाडगा वर्षभर ओला राहील. दिवसभराचं काम अर्धवट सोडून जायचं असेल तर वाडगा प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. पण पिशवी हा एका-दोन दिवसांचाच मुक्काम. जास्त ठेवला तर बुरशी येते.

मग वाडगा वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळायचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा. लेथखाली जो कीस पडतो तो खोक्यात भरला तर अजून उत्तम, पण ओला कीस नको, सावलीत सुकवून घ्या. खोकं जमिनीवर ठेवू नका, विटांवर फळी टाकून त्यावर ठेवा. खिडकी नको, पंखा नको, पत्र्याखाली नको. देवघराशेजारची काळोखी खोली असते ना, तीच. आणि खोक्यावर तारीख घाला.

पहिले पंधरा दिवस दर तीन-चार दिवसांनी कागद काढून बघा. कागद ओला लागला तर बदला. जुना कागद वाळवून परत वापरता येतो. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या फडक्याने पुसा, एखादा थर कमी करा. कोकणात जून ते सप्टेंबर हे असं होणारच. इथे पावसाळ्यात बुरशीचं भय जास्त, चिरांचं कमी. घाटावर, मराठवाड्यात मार्च ते मे नेमकं उलट, बुरशी जवळपास नाही पण कोरडा वारा वाडगा दोन दिवसांत फाडतो. म्हणून तिकडच्या मैत्रिणींनी थर वाढवा, खोकं बंद ठेवा, शक्यतो कातकामच पावसाळ्यात करा. दोघींना एकच नियम सांगता येत नाही.

चुलीवरच्या माळ्यावर ठेवले तर? हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. बियाणं तिथे टिकतं म्हणून वाडगा टिकेल असं वाटतं. ओला वाडगा तिथे अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाडगा वाळला हे कळणार कसं? हाताला कोरडा लागतो, ते खरं नाही. वाजवून बघतात, तेही अंदाजाचं. वजन करा. आपल्याला बचतीची नोंदवही ठेवायची सवय आहेच, तशीच एक वाडग्यांची वही करा. प्रत्येक वाडग्याच्या बुडावर पेन्सिलीने नंबर, वहीत नंबरासमोर तारीख आणि वजन. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. आठवड्याच्या बैठकीला हप्ता गोळा करता ना, त्याच वारी वजनं घ्या. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग सावकाश, मग थांबतं. तीन-चार आठवडे लागोपाठ वजन तेच आलं, की वाडगा त्या खोलीतल्या हवेपुरता वाळला.

"त्या हवेपुरता" असं मी मुद्दाम म्हणाले. लाकूड हवेशी देवघेव करत राहतं. आपल्या पावसाळ्याच्या हवेत लाकूड सतरा-अठरा टक्क्यांच्या खाली सहसा उतरत नाही, कितीही महिने ठेवा. तोच वाडगा उन्हाळ्यात नागपूरला किंवा शहरातल्या एसीच्या दुकानात गेला की आठ टक्क्यांपर्यंत, कधी त्याखालीही उतरायला बघतो. म्हणजे ऑगस्टमध्ये वजन थांबलं म्हणून आनंदाने पाठवलेला वाडगा तिकडे जाऊन परत आवळतो. आपल्या घरी धड होता, तिकडे फुटला, आणि गिऱ्हाईक म्हणतं यांनी फसवलं.

यावर उपाय आहे, थोडं गणित करावं लागेल. कातताना फाळीच्या मधल्या भागातून एक छोटा तुकडा काढा, टोकाचा नको. समजा तो ८० ग्रॅम भरला. बेकरीचं काम करणाऱ्या एखाद्या गटाचा ओव्हन असेल तर त्यात साधारण १०३ अंशांवर तो तुकडा ठेवा, दर दोन तासांनी वजन करा. वजन उतरायचं पूर्ण थांबलं की समजा ५० ग्रॅम आलं. म्हणजे ५० ग्रॅम लाकडात ३० ग्रॅम पाणी होतं, साठ टक्के. आता त्याच फाळीचा कच्चा वाडगा १२०० ग्रॅमचा असेल तर १२०० ला १.६ ने भागा. ७५० ग्रॅम. हे त्या वाडग्यातलं नुसतं लाकूड. बाकी ४५० ग्रॅम पाणी. आपल्याला हवेत बारा टक्के, म्हणजे ७५० वर ९० ग्रॅम. एकूण ८४०. वहीत त्या वाडग्यासमोर लाल पेनाने ८४० लिहून ठेवा. काटा ८४० दाखवत नाही तोवर दुसरं कातकाम नाही. पावसाळ्यात तो ८७८ च्या आसपास येऊन अडून बसेल, सतरा टक्क्यांवर. अडला म्हणून फसू नका. ३० टक्क्यांची जी वेस मघाशी सांगितली, ती या वाडग्यासाठी ९७५ ग्रॅम. तिथून ८४० पर्यंत विशेष जपायचं.

अडलेलं वजन उतरवायला दोन वाटा आहेत. एक, नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा येईपर्यंत थांबणं. दुसरी, ज्या गटांकडे आमसुलं-कोकमांसाठी सोलर ड्रायर आहे, त्यांनी वजन अडलेले वाडगे त्यात ठेवणं. पण झरोके उघडे ठेवून, वर गोणपाट टाकून, रोज थोडाच वेळ आणि रोज वजन करून. ओला वाडगा सोलर ड्रायरमध्ये घालणं म्हणजे त्याला तव्यावर टाकण्यासारखं आहे.

सगळं मिळून वेळ किती? इंचभर जाडीच्या आंब्याला तीन ते सहा महिने धरूनच चाला. दिवाळीची मागणी असेल तर कच्चे वाडगे त्याआधीच्या हिवाळ्यात कातून ठेवलेले हवेत. हे ऐकून गटातल्या बायकांचे चेहरे पडतात, मला ठाऊक आहे. बँकेचा हप्ता काही सहा महिने थांबत नाही. म्हणून माझं मत असं, की वाडग्यांच्या धंद्यासाठी कर्ज घेताना पहिल्या सहा महिन्यांच्या हप्त्याची सोय दुसऱ्या कामातून आधी करा. लाटणी, पळ्या, चमचे, खेळण्यातल्या भिंगऱ्या अशा बारीक वस्तूंतून. बारीक वस्तू लवकर वाळतात आणि कमी फुटतात. सावंतवाडीच्या चितारअळीत पांगाऱ्याची, आंब्याची रंगीत खेळणी आणि लाकडी फळं वर्षानुवर्षं विकली जातात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची, त्यांवर लेथवरच लाख चढवतात. तिथेही लाकूड आधी वाळवून मगच कामाला घेतात. घाई तिथेही चालत नाही, फक्त माल छोटा असल्याने पैसा लवकर फिरतो.

घाईच असेल तर एक वाट उकळण्याची. कच्चा वाडगा मोठ्या पिंपात पाण्यात पूर्ण बुडवून उकळायचा, इंचभर जाडीला एक तास. मग पाणी थंड झाल्यावर काढून, वरचं पाणी निथळून, वर सांगितल्यासारखा कागदात गुंडाळायचा. पुष्कळ लाकडं उकळल्यावर कमी फुटतात आणि लवकर वाळतात, भुंगेऱ्याची अंडी असतील तर मरतात. रंग थोडा फिका होतो. पिंप त्याच कामाचं ठेवा, त्यात परत अन्न शिजवायचं नाही. पण हे पहिल्यांदा दोनच वाडग्यांवर करून बघा, आणि दोन न उकळलेले शेजारी ठेवा. आपल्या लाकडाला काय मानवतं ते आपली वहीच सांगेल.

दुसरी घाईची वाट म्हणजे ओल्या लाकडातूनच एकदम पातळ वाडगा कातणं, सगळीकडे दोन सुतांचा. तो पापडासारखा वागतो, वाकतो, फुटत नाही. वेडावाकडा दिसतो, पण शहरात असे वाकडे वाडगे आवडीने घेणारे लोक आहेत. मला स्वतःला ते काही आवडत नाहीत. पण विकले जातात, मग मी कोण?

एवढं करूनही काही वाडगे जाणारच. केसाएवढी चीर सुरुवातीलाच दिसली तर पातळ चिकट गोंद, तो झटपट सुकणारा, चिरेत सोडून ती तिथेच थांबवता येते. पुढे दुसऱ्या कातकामात ती जाडी निघूनही जाते. पण मोठ्या चिरेत भुसा आणि फेविकॉल भरून, वरून पॉलिश करून तो वाडगा धड म्हणून विकू नका. हवा बदलली की तो भराव सुटतो, आणि मग पुढची मागणी येत नाही. किंमत काढतानाच दहा कातले तर आठ विकले जातील असं धरा, त्या दोघांचं लाकूड आणि मजुरी आठांवर चढवा. तो सतरा वाडग्यांचा गट आता असाच भाव काढतो. काकींनी वही घातलीय, आणि वजन ८४० वर आल्याशिवाय कुणाला लेथला हात लावू देत नाहीत.

शेवटी एक चिठ्ठी. दुसऱ्यांदा कातून, घासून, जवसाचं तेल मुरवून पूर्ण सुकवलेला वाडगा गिऱ्हाइकाकडे जाईल, तेव्हा सोबत चार ओळी मराठीत छापून द्या: पाण्यात भिजत ठेवू नये, धुऊन लगेच पुसावा, उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नये, महिन्यातून एकदा तेलाचा हात द्यावा. आणि खाली वाडग्याचा नंबर. तक्रार आली तर त्या नंबराने वहीतली तारीख आणि शेवटचं वजन लगेच सापडतं.